अफगाण भगिनींचा उत्सव आणि हक्काचा कागद

बांधावरून तंटा लागला म्हणजे चावडींत पहिला प्रश्न निघतो तो हा कीं, “कागद कोठें आहे ?” ज्याची जमीन दांडग्यानें बळकावली त्याच्या अंगांत बळ नसेल, पदरीं पैसा नसेल, कचेरींत वशिला नसेल, पण पेटींत सातबारा आणि फेरफार जपून ठेवलेला असेल तर तो माणूस अगदींच बुडाला असें कोणी म्हणत नाहीं. आज त्याचें शेत दुसरा नांगरतो, तरी शेत कोणाचें हें गांवाला ठाऊक असतें. म्हणून शहाणा कुणबी जमीन गेल्यावरही कागद फाडीत नाहीं. तो अधूनमधून पेटी उघडतो, चार माणसांना कागद वाचून दाखवितो, आणि पोराला जवळ बसवून सांगतो कीं, हें आपलें आहे.

ही गोष्ट आज सुचण्याचें कारण असें. ८ मार्च हा जगांतील स्त्रियांचा दिवस. पुण्यास कित्येक वर्षांपासून अफगाणिस्तानचीं मुलेंमुली शिकण्यास येत आलीं आहेत. ज्या विद्यापीठास २०१४ सालीं सावित्रीबाई फुले यांचें नांव दिलें, त्याच विद्यापीठांत त्यांपैकीं पुष्कळांचीं नांवें दाखल झालीं. त्यांतील कांहींजणांनीं मिळून ह्या दिवशीं एक लहानसा मेळावा भरविला. अफगाण स्त्रियांनीं आजवर कोणते हक्क मिळविले व काय काय करून दाखविलें, याचा आनंद आपल्या माणसांत बसून मानावा एवढाच त्याचा हेतु. आमचा एक जुना विद्यार्थी पुण्यास असतो. त्याच्या आग्रहावरून आम्ही गेलों. पन्नाससाठ माणसें, खालीं सतरंजी, हिरवा चहा, बदाम-मनुका, भिंतीवर लावलेलीं चित्रें. एकीमागून एक मुलगी उठे, एका बाईचें नांव घेई, तिनें काय केलें तें सांगे आणि बसे. टाळ्या वाजत, आणि टाळ्या वाजवितां वाजवितां कित्येकींचे डोळे भरून येत.

गांवीं परत आल्यावर पारावर ही हकिकत निघाली. तेव्हां एका वडील माणसानें विचारलें, “गुरुजी, ज्यांच्या मुलखांत सहावीच्या पुढें पोरीला शाळेचें दार बंद, त्यांनीं उत्सव कशाचा करावा ? घरांत सुतक आणि दारांत सनई, असाच हा प्रकार नव्हे काय ?” प्रश्न सरळ आहे आणि तो पुष्कळांच्या मनांत येईल. आमचें उत्तर असें कीं, त्या मेळाव्यांत सनई वाजत नव्हती, बळकावलेल्या जमिनीचा कागद वाचला जात होता. त्या कागदांत काय लिहिलें आहे आणि काय लिहावयाचें राहून गेलें आहे, हें आमच्या शेतकरी व कारागीर वाचकांस सांगावें म्हणून हा लेख.

प्रथम दरोडा कसा पडला तें थोडक्यांत पाहूं. १५ ऑगस्ट २०२१ रोजीं तालिबानांनीं काबूल घेतलें. पुढच्याच महिन्यांत वरच्या वर्गांच्या शाळा उघडल्या, त्या फक्त मुलग्यांसाठीं. २३ मार्च २०२२ रोजीं मुलींच्याही शाळा उघडणार असें जाहीर झालें. पोरी दप्तरें घेऊन वर्गांत बसल्या, आणि कांहीं तासांत हुकूम फिरून त्यांना रडत घरीं जावें लागलें. डिसेंबर २०२२ मध्यें विद्यापीठांचीं दारें बंद झालीं. त्याच महिन्यांत मदतसंस्थांत स्त्रियांनीं नोकरी करूं नये असा हुकूम निघाला. २०२३ च्या जुलैंत बायकांनीं बायकांसाठीं चालविलेलीं केशभूषेचीं दुकानें बंद केलीं. त्या कमाईवर हजारों घरांची चूल पेटत होती. ऑगस्ट २०२४ मध्यें असा कायदा झाला कीं, घराबाहेर बाईचा आवाजसुद्धां परपुरुषाच्या कानीं पडूं नये. डिसेंबर २०२४ मध्यें सुईणीचें व परिचारिकेचें शिक्षण तेवढें उरलें होतें, तेंही थांबविलें. युनेस्को ह्या जागतिक संस्थेनें २०२५ सालीं दिलेल्या आकड्याप्रमाणें सुमारें २२ लाख मुलींचें शिक्षण अशा रीतीनें तोडलें गेलें आहे. ‘तालिब’ ह्या शब्दाचा अर्थच विद्यार्थी. विद्यार्थी म्हणवून घेणारांनींच शाळेला कुलूप लावावें, ह्याहून विपरीत तें काय! ८ जुलै २०२५ रोजीं हेग येथील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानें स्त्रीजातीच्या छळाच्या आरोपावरून तालिबानांचा सर्वश्रेष्ठ पुढारी व त्यांचा मुख्य न्यायाधीश या दोघांवर पकडवॉरंटें काढलीं. वॉरंट निघालें म्हणजे आरोपी हातीं आला असें नाहीं. पण ह्या गुन्ह्याला गुन्हा म्हणून नांव तरी मिळालें.

आतां दरोडेखोरांची बाजू काय ती ऐका. त्यांचे भाट म्हणतात, “मुलींची शाळा हें परक्यांनीं आणलेलें तण आहे. अमेरिकेच्या फौजेबरोबर तें आलें आणि फौजेबरोबर गेलें. आमच्या मातींत तें कधीं नव्हतेंच.” आपल्याकडील कांहीं शिकलेले लोकही हेंच खरें मानून चालतात. ह्याच ठिकाणीं कागदाचें काम पडतें. अफगाणिस्तानांत जमिनीच्या खरेदीखतास ‘कबाला’ म्हणतात. त्या मुलींनीं आपला कबाला उघडला, तर त्यावर कोणतीं सालें निघालीं पाहा.

१८८० सालच्या जुलै महिन्याच्या २७ तारखेस कंदाहारजवळ मैवंद येथें इंग्रजांची व अफगाणांची लढाई झाली. अफगाण लोक सांगतात कीं, आपले लोक मागें हटूं लागलेले पाहून मलालाई नांवाची एक खेडवळ मुलगी पुढें झाली, डोक्यावरचा पदर तिनें निशाणासारखा उंच धरला, आणि ती तेथेंच पडली. त्या लढाईंत इंग्रजांचा पराभव झाला. समोर इंग्रजांच्या झेंड्याखालीं पोटासाठीं लढणारांत मुंबई इलाख्याच्याही पलटणी होत्या, हें आम्हीं विसरूं नये. जी मुलगी त्या देशाची वीरकन्या म्हणून घरोघर मानली जाते, ती अमेरिका तेथें येण्यापूर्वीं सव्वाशें वर्षांच्या सुमारास होऊन गेली.

पुढें १९१९ सालीं अमानुल्लाखानानें इंग्रजांशीं लढून आपल्या देशाचें स्वातंत्र्य मिळविलें. लागलीच १९२१ सालीं काबूलमध्यें मुलींची पहिली सरकारी शाळा निघाली, ती त्याची राणी सुरय्या हिच्या पुढाकारानें. त्याच सालीं ‘इर्शाद-ए-निस्वान’ म्हणजे ‘स्त्रियांस मार्गदर्शन’ ह्या नांवाचें साप्ताहिक निघालें. त्याचें संपादन राणीची आई अस्मा रस्मिया करीत असे. लहान मुलींचीं लग्नें, जबरीचीं लग्नें आणि लग्नांतली उधळपट्टी यांस आळा घालण्याचे नियमही त्याच सुमारास झाले. १९२८ सालीं कांहीं मुली वरच्या शिक्षणासाठीं तुर्कस्तानांत पाठविल्या. हें सर्व इंग्रजाला हांकलून देणाऱ्या राज्यांत झालें, त्याच्या मेहेरबानीनें नव्हे.

ह्या राजाराणीचा आमच्या मुंबईशींही संबंध आहे. १९२७ च्या डिसेंबरांत युरोपच्या प्रवासास निघालेला अमानुल्ला मुंबईवरून गेला, तेव्हां हिंदु-मुसलमान दोघांनींही त्याचें मोठें स्वागत केलें. तेराचवद महिन्यांतच, १९२९ च्या जानेवारींत, बंडामुळें त्यास गादी सोडावी लागली, आणि हद्दपारीच्या वाटेवर तीं उभयतां पुन्हां मुंबईस आलीं. तेथें १९२९ सालीं राणीस कन्या झाली. आईबापांनीं तिचें नांव ‘इंडिया’ असें ठेविलें. इकडे काबूलमध्यें नव्या सत्ताधाऱ्यानें मुलींच्या शाळा बंद केल्या आणि तुर्कस्तानांतल्या मुली परत बोलाविल्या. कुलूप लागण्याची ही पहिली वेळ.

पण कुलूप लागून राहिलें नाहीं. पुन्हां हळूहळू शाळा उघडल्या. १९४६ सालीं काबूलमध्यें स्त्रियांची कल्याणकारी संस्था स्थापन झाली. १९५९ सालीं बुरखा घेणें न घेणें ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडलें. १९६४ च्या राज्यघटनेनें स्त्रियांस मताचा हक्क मिळाला, आणि ती घटना तयार करणाऱ्या मंडळांत स्त्रियाही बसल्या होत्या. १९६५ च्या निवडणुकींत चार स्त्रिया लोकसभेवर निवडून आल्या. त्यांतील मासूमा इस्मती ही कंदाहारची. ज्या कंदाहारांत बसून आज तालिबानांचा पुढारी हुकूम सोडतो, त्याच कंदाहारनें साठ वर्षांमागें एका बाईस आपली प्रतिनिधि म्हणून काबूलला धाडलें होतें ! पुढें लवकरच कुब्रा नूरझई ही आरोग्यखात्याची मंत्री झाली. वाचकांनीं ताडून पाहावें म्हणून एवढें सांगतों कीं, युरोपांतील स्वित्झर्लंड ह्या पुढारलेल्या देशांत बायकांस देशाच्या निवडणुकींत मत मिळालें तें १९७१ सालीं.

१९७८ नंतर लढाया, परकी फौजा, आपसांतली यादवी ह्यांत तो देश होरपळून निघाला. १९९६ ते २००१ ह्या काळांत तालिबानांनीं पहिल्यानें राज्य केलें व मुलींच्या शाळा दुसऱ्यांदा बंद पाडल्या. त्या काळांतली एक गोष्ट आमच्या शिंपी बांधवांनीं मुद्दाम ध्यानांत ठेवावी. हेरात शहरांत ‘सोन्याची सुई’ नांवाचा एक शिवणवर्ग चाले. बायका बुरख्याखालीं कापड, कातर आणि सुईदोऱ्याची पिशवी घेऊन जात. आंत गेल्यावर पिशवीच्या तळांतून वह्या निघत. हेरात विद्यापीठाचे एक प्राध्यापक त्यांना साहित्य शिकवीत. मुलें दाराबाहेर खेळत. कोणी पहारेवाला आला तर तीं आंत वर्दी देत, कीं वह्या खालीं आणि कापड वर. सकीना याकूबी यांच्या संस्थेनें त्याच दिवसांत घराघरांतून ८० गुप्त शाळा चालविल्या. राज्य गेलें होतें, पण कागद कोणीं फाडला नव्हता.

म्हणून २००१ नंतर दार किलकिलें झालें तशा पोरी लोटल्या. ज्या देशांत प्राथमिक शाळेंत मुलगी जवळजवळ दिसत नव्हती, तेथें २०१८ पर्यंत २५ लाख मुली प्राथमिक वर्गांत बसल्या. २००४ च्या घटनेनें स्त्रीपुरुषांचे हक्क समान ठरविले व लोकसभेच्या २४९ जागांपैकीं ६८ स्त्रियांसाठीं राखल्या. २००५ सालीं हबीबा सराबी बामियान प्रांताची गव्हर्नर झाली. २००९ सालीं स्त्रियांवरील जुलुमाविरुद्ध कायदा होऊन, भांडण मिटविण्यासाठीं मुलगी दुसऱ्याच्या घरांत देऊन टाकण्याची दुष्ट चाल गुन्हा ठरली. बाहेरचा पैसा नसता तर एवढ्या शाळा निघाल्या नसत्या हें खरें. परंतु पाणी बाहेरून आणलें म्हणून बीं बाहेरचें होत नाहीं. बीं १९२१ सालचें, आणि तें त्याच मातींतलें.

इतकें ऐकून आम्हांस त्या मेळाव्याचें फार कौतुक वाटलें. तरी एक शंका मनांत राहिली आणि चहाच्या वेळीं ती आम्हीं त्या मुलींजवळ बोलून दाखविली. भिंतीवर राणी होती, मंत्री होत्या, विमान चालविणारी होती, यंत्रमानव बनविणाऱ्या मुली होत्या, आणि २०२४ सालीं पॅरिसच्या अपंगांच्या ऑलिंपिकमध्यें निर्वासितांच्या संघास पहिलें पदक मिळवून देणारी झाकिया खुदादादी होती. सर्व मानाच्या मानकरी. पण भिंतीवर खेडें कोठें होतें ? ज्या देशांत बहुतेक लोक शेतीवर व मेंढरांवर जगतात, त्या देशाच्या कागदावर खेड्यांतल्या बाईची नोंद नको काय ?

हा प्रश्न शोभेचा नाहीं. मिळालेला हक्क १९२९ सालीं गेला आणि २०२१ सालीं पुन्हां गेला, याचें एक मोठें कारण आम्हांस येथेंच दिसतें. अमानुल्लाची सुधारणा बहुतेक काबूल शहरांत राहिली. खेड्यांत शाळेच्या आधीं सरकारी वसुलीचा माणूस पोंचला. सारा रोखीनें भरावा लागला, पोरगा सक्तीनें पलटणींत गेला, आणि त्या पैशानें राजधानींत काय झालें हें शेतकऱ्यास दुसऱ्याच्या तोंडून, तेंही मुल्लाच्या तोंडून, तिखटमीठ लावून कळलें. मग बंड झालें तेव्हां राणीची शाळा वांचवायला खेड्यांतून कोण धांवणार ? २००१ नंतरही कथा पुष्कळशी तशीच. शहरांत शाळा, दवाखाने, कचेऱ्या. आणि पुष्कळ खेड्यांत वीस वर्षें रात्रीचे छापे, वरून बॉंब, खालीं सुरुंग. कित्येक ठिकाणीं शाळा कागदावर, मास्तरचा पगार कोणाच्या तरी खिशांत, आणि जागेवर नुसतें मोकळें माळरान. ज्या मायबापांच्या वांट्याला हक्क म्हणून एवढेंच आलें, त्यांना काबूलचे हक्क आपले कसे वाटावे ? वरून दिलेलें दान वरचा बदलला कीं परत जातें. जोतीरावांनीं आमच्या शेतकऱ्यांस जें शिकविलें तें हेंच कीं, पैसा कुणब्याचा आणि विद्या दुसऱ्याची असें जेथें चालतें, तेथें कोणतीही सुधारणा फार दिवस टिकत नाहीं.

ह्यावर शहरी विद्वान म्हणतील, “खेडवळ अफगाणच आपल्या पोरी शाळेंत धाडीत नाहींत, त्याला कोण काय करणार ?” आम्ही मास्तर असल्यानें हें वाक्य आमच्या चांगलें ओळखीचें आहे. अज्ञानाचा आळ आधीं शेतकऱ्यावर ! पण ह्याचें उत्तर प्रत्यक्ष प्रयोगानें मिळालें आहे. घोर नांवाचा मध्य अफगाणिस्तानांतला डोंगराळ, दरिद्री प्रांत. तेथें २००७ सालीं ३१ गांवांत पाहणी झाली. चिठ्ठ्या टाकाव्या तशा रीतीनें कांहीं गांवें निवडून त्यांत गांवांतच, एखाद्या घरांत किंवा मशिदींत, शाळा काढली. बाकीच्या गांवच्या मुलांस पूर्वीप्रमाणें लांबच्या सरकारी शाळेंत जावें लागे. मुल्लाला कोणीं बदललें नाहीं, रिवाज बदलला नाहीं, व्याख्यान दिलें नाहीं. फक्त शाळा जवळ आणली. तेवढ्यानें शाळेंत जाणाऱ्या मुलींचें प्रमाण शेंकडा पन्नासांहून अधिक वाढलें, आणि मुलगे व मुली यांतला फरक जवळजवळ उरला नाहीं. शेतकऱ्याला पोर शिकवायची नव्हती असें नाहीं. एकट्या पोरीला तीन मैल निर्जन वाटेनें धाडायची त्याची छाती होत नव्हती. ज्या बापांनीं व आयांनीं आपल्या मुली त्या मशिदींतल्या वर्गांत बसविल्या, त्यांचें एक चित्र भिंतीवर असावें, असें आम्ही त्या मुलींस म्हणालों.

दुसरें चित्र सुईणीचें असावें. बदख्शान प्रांताच्या राघ ह्या दुर्गम तालुक्यांत २००२ सालीं पाहणी झाली तेव्हां दर लाख जन्मांमागें सुमारें साडेसहा हजार बाळंतिणी मरत असें आढळलें. इतका भयंकर आंकडा जगांत क्वचितच कोठें नोंदला गेला असेल. साऱ्या देशांत त्या वेळीं शिकलेल्या सुईणी पांचशेंच्या आंत. मग अशी योजना झाली कीं, गांवानेंच आपल्यांतली एक शिकलेली बाई निवडावी, तिला दीड-दोन वर्षें शिकवावें, आणि तिनें परत आपल्याच गांवीं येऊन काम करावें. कांहीं वर्षांत अशा सुईणी हजारोंनीं झाल्या. त्यांच्या हातीं सुखरूप आलेलीं पोरें आज तेथें हिंडतखेळत आहेत. ह्याहून मोठें कर्तृत्व कोणतें ? आणि डिसेंबर २०२४ चा हुकूम पडला तो नेमका ह्याच विद्येवर. एकीकडे म्हणावयाचें, परपुरुष डॉक्टरानें बाईला हात लावूं नये. दुसरीकडे म्हणावयाचें, बाईनें डॉक्टरकी किंवा सुईणपणा शिकूं नये. मग अडलेल्या बाळंतिणीनें जावें कोठें ? ह्याला धर्म म्हणावें कीं आणखी कांहीं, हें आमच्या मायबहिणींनींच ठरवावें; त्यांना हा प्रसंग पुस्तकांतून समजून घेण्याची गरज नाहीं.

तिसरें चित्र हात चालविणाऱ्या बायकांचें. अफगाण गालिचा जगाच्या बाजारांत मोलानें विकतो. तो मागावर बसून गांठ गांठ मारून विणतात त्या बहुतेक घरच्या बायका आणि मुली. हेरातकडे पहाटे उठून केशराचीं फुलें खुडतात आणि एक एक तंतु वेगळा करतात त्याही बायकाच. कंदाहारचें ‘खामक’ नांवाचें रेशमी भरतकाम इतकें बारीक कीं, पाहणाराचे डोळे दुखावे. तेंही बायकांच्या बोटांचें. पण गालिच्याची किंमत ठरवितो व्यापारी, आणि पैसा हातीं येतो पुरुषाच्या. विणणारीला हिशेब वाचतां येत नसला म्हणजे काय होतें, हें आमच्या विणकर, शिंपी, चांभार बंधूंना सांगावयास नको. अक्षरओळख ही अशा बाईच्या भाकरीची राखण आहे. म्हणूनच २०२१ नंतर काबूलच्या रस्त्यांवर ज्या बायका बंदुकांपुढें उभ्या राहिल्या, त्यांची घोषणा होती, “नान, कार, आझादी”. म्हणजे भाकर, काम आणि स्वातंत्र्य. पहिली भाकर मागितली, हें आम्हांस फार खरें वाटलें.

त्या मुलींनीं आमचें बोलणें शांतपणें ऐकून घेतलें. मग त्यांतील एक म्हणाली, “गुरुजी, माझी आजी गालिचे विणीत असे. तिला सही येत नव्हती. मी तिची नात आहें, म्हणून येथें आहें.” आम्ही ओशाळलों. चित्र भिंतीवर नव्हतें, पण तें त्या मुलीच्या काळजांत होतें.

आतां एका धोक्याची सूचना देणें आमचें कर्तव्य आहे. ही हकिकत वाचून कित्येक जण म्हणतील, “पाहा, मुसलमान असेच !” अशी जीभ चालविणारांपासून आमच्या बंधूंनीं सावध असावें. डिसेंबर २०२२ मध्यें विद्यापीठें बंद झालीं तेव्हां कैरो येथील अल-अझहर ह्या इस्लामी विद्यापीठाच्या मुख्य इमामानें स्पष्ट सांगितलें कीं, ही बंदी इस्लामी धर्मशास्त्राच्या विरुद्ध आहे. वरच्या वर्गांत जाण्यास मुलींना सरकारी बंदी करणारा दुसरा मुसलमानी देश जगांत नाहीं. ऑक्टोबर २०२५ मध्यें तालिबानांचे परराष्ट्रमंत्री दिल्लीस आले असतां पहिल्या वार्ताहर-बैठकींत बाईमाणसाला आंत घेतलें नाहीं. ओरड झाल्यावर दुसरी बैठक घेतली, आणि तींत ते मंत्रीच म्हणाले कीं, मुलींचें शिक्षण आम्हीं धर्मबाह्य ठरविलेलें नाहीं, तें तूर्त तहकूब आहे. म्हणजे धर्माची साक्षही त्यांच्या बाजूची नाहीं ! उरला तो केवळ धर्माच्या ठेकेदारांचा हट्ट.

आणि ही जात आपल्या चांगल्या परिचयाची आहे. १८४८ सालीं पुण्यांत भिड्यांच्या वाड्यांत मुलींची शाळा निघाली, तेव्हां सावित्रीबाईंच्या अंगावर शेणमाती कोणीं टाकली ? काबूलच्या मुल्लानें नव्हे. बाई शिकली तर धर्म बुडेल, हें शास्त्रार्थानें सांगणारे येथलेच भिक्षुक होते. सावित्रीबाईंबरोबर त्या कामांत असलेल्या फातिमेचा उल्लेख बाईंच्या स्वतःच्या पत्रांत आहे. तेव्हां ह्या झगड्यांत हिंदु एका बाजूला व मुसलमान दुसऱ्या बाजूला अशी मांडणी खोटी आहे. एका बाजूला विद्येची मिरास आपल्याच घरांत कोंडणारे, आणि दुसऱ्या बाजूला ती सर्वांच्या दारीं नेणारे, अशी ती खरी मांडणी आहे.

दुसऱ्याचें घर पाहून झालें. आतां आपला उंबरठा. आमच्या शाळेंत सातवीपर्यंत वर्ग आहेत. पुढची शाळा तीन कोस. सकाळची एस.टी. आली तर आली. गेल्या कांहीं वर्षांत सातवी झालेल्या हुशार मुलींपैकीं कित्येकींचीं नांवें पुढच्या शाळेच्या पटावर चढलींच नाहींत, आणि त्यांतल्या दोघींच्या लग्नाच्या अक्षता आम्हींच टाकल्या, हें येथें शरमेनें कबूल करतों. आमच्याकडे हुकूम नाहीं, बंदूक नाहीं, कायदा तर मुलींच्याच बाजूनें आहे. तरी काबूलची मुलगी सहावीनंतर घरीं आणि आमची सातवीनंतर घरीं; तिला तालिबान अडवितो, हिला तीन कोसांचा रस्ता आणि आपण अडवितों. तिला वाट नाहीं, हिला आहे. एवढा मोठा फरक हातीं असून तो वायां घालविणें हें पाप आहे.

म्हणून आमचें मागणें तीन प्रकारचें आहे. सरकारास असें कीं, काबूलच्या पाहुण्यांस मेजवानी द्यायची तर द्यावी, पण त्यांना प्रत्येक भेटींत शाळेचें काय झालें हें विचारावें. आणि २०२१ च्या ऑगस्टमध्यें जुने परवाने रद्द केल्यामुळें ज्या अफगाण विद्यार्थिनी तिकडे अडकल्या, तशा मुलींना येथें येऊन शिकण्याची वाट मोकळी करून द्यावी. सावित्रीबाईंचें नांव लावलेल्या विद्यापीठाला ह्याहून शोभेसें काम दुसरें नाहीं. त्या मेळाव्याच्या मुलींस असें कीं, पुढच्या वर्षीं भिंतीवर विणकरीण, सुईण आणि घोरच्या मशिदींतली शाळकरी पोर यांचींही चित्रें लावा. मंत्र्यांच्या सह्यांपेक्षां गांवच्या पंचांच्या सह्या असलेला कागद खोडणें कठीण जातें. आणि आमच्या बंधुभगिनींस असें कीं, ज्याच्या घरीं सातवी झालेली मुलगी आहे त्यानें ह्या जूनमध्यें तिचें नांव पुढच्या शाळेंत घालावें. चारपांच घरांनीं मिळून तिच्या जाण्यायेण्याची सोय करावी. एस.टी.साठीं अर्ज लिहावयाचा असेल तर तो आम्ही लिहून देऊं, सह्या तुम्हीं द्याव्या.

पारावरच्या त्या वडील माणसाला हें सारें सांगितलें. ते थोडा वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, “कागद हाये म्हणता ना ? मग वाचूं द्या पोरींना. मोठ्यानं वाचूं द्या.” आमचेंही म्हणणें तेंच. ज्या देशांत आज बाईचा आवाज बाहेर ऐकूं येऊं नये असा कायदा आहे, त्या देशाच्या मुलींनीं परमुलखांत बसून आपल्या आयाबायांचीं नांवें मोठ्यानें घ्यावीं, हाच त्यांचा उत्सव, आणि हीच त्यांच्या जमिनीवरची वहिवाट. वहिवाट चालू आहे तोंवर दावा बुडत नाहीं.

सत्यमेव जयते.